दोन फायर-आय अँटबर्ड: एक संकटग्रस्त आणि दुसरा सुरक्षित का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलात फायर-आय या अँटबर्डच्या, म्हणजे झाडोऱ्यात कीटक टिपणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या, दोन जवळच्या जाती राहतात. दोन्हींचे नर काळेभोर, दोन्हींचे डोळे लालभडक, दोन्ही जमिनीलगतच्या दाट झाडोऱ्यात वावरणाऱ्या आणि लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणाऱ्या. तरीही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत पिरिग्लेना आट्रा ही जाती 'संकटग्रस्त' आहे आणि पिरिग्लेना ल्यूकॉप्टेरा 'सर्वांत कमी चिंतेची'. या दोघींत खरोखर काही फरक आहे, की हा केवळ कागदावरच्या वर्गवारीचा खेळ आहे?

फरक खरा आहे, पण तो पक्ष्याच्या अंगात शोधला तर फारसा हाती लागत नाही. खाणे, घरटे, वावर, आवाज या कोणत्याच बाबतीत आट्रा ही ल्यूकॉप्टेरापेक्षा नाजूक ठरत नाही. तिच्या वाट्याला आलेली जमीन मात्र फार लहान आहे आणि त्या जमिनीवर साडेचारशेहून अधिक वर्षे शेती, वस्ती आणि व्यापार यांचा भार पडत आला आहे. तेव्हा संवर्धनाचा विचारही पक्ष्यापेक्षा त्या जमिनीपासून सुरू करावा लागतो.

आधी ओळख करून घेऊ. ल्यूकॉप्टेराचे पहिले शास्त्रीय वर्णन व्हिएयो या पक्षीशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये केले आणि आट्राचे स्वेन्सन या पक्षीशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये. दोन्ही पक्षी साधारण सतरा सेंटिमीटर लांबीचे आणि तीस ग्रॅमच्या आसपास वजनाचे. ल्यूकॉप्टेराच्या नराच्या खांद्यावर पांढरा डाग असतो, पंखावर दोन बारीक पांढऱ्या रेघा असतात आणि पाठीवरचा पांढरा भाग बहुतेक वेळ पिसांखाली झाकलेला राहतो. आट्राच्या नराचे पंख पूर्ण काळे असतात. त्याऐवजी पाठीच्या मध्यावरच्या काळ्या पिसांना पांढरी किनार असते, त्यामुळे तेवढा भाग खवल्यांसारखा दिसतो. इंग्रजीत याला 'फ्रिंज-बॅक्ड फायर-आय' म्हणतात ते या किनारीमुळेच. माद्या तपकिरी, शेपटी काळपट, डोळे मात्र नराइतकेच लाल. प्रत्यक्ष जंगलात, अंधाऱ्या झुडपात, पक्षी पाठमोरा झाल्याशिवाय ही किनार दिसत नाही आणि फायर-आय सहसा समोरून डोकावतो. म्हणून नवशिक्याने दिसण्यापेक्षा ठिकाणावर जास्त विसंबावे. ब्राझीलमध्ये आट्राला 'पापा-ताओका-दा-बाइया' आणि ल्यूकॉप्टेराला 'पापा-ताओका-दो-सूल' म्हणतात, म्हणजे एक बाइया राज्याचा आणि एक दक्षिणेचा. ताओका म्हणजे लष्करी मुंगी.

अँटबर्डचे कुल मोठे आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्याच्या सव्वादोनशेहून अधिक जाती आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचा मुंग्यांशी फारसा संबंध नसतो. केवळ लष्करी मुंग्यांच्या जोरावर जगणाऱ्या जाती दीड-दोन डझनच भरतील. फायर-आय हे मधल्या गटातले पक्षी आहेत. मुंग्यांची धाड जवळून जात असेल तर ते नेमाने हजेरी लावतात, नसेल तेव्हा आपल्या हद्दीत पालापाचोळ्यावरून, वेलींच्या गुंत्यातून कीटक टिपत राहतात. आपल्या विषयात ही लवचिकता फार महत्त्वाची आहे.

धाड म्हणजे काय, हे माहीत असल्याशिवाय या पक्ष्याला झाडोरा किती दाट लागतो आणि का लागतो ते उमगत नाही. एसिटॉन बर्चेली या लष्करी मुंगीच्या एका वसाहतीत काही लाख मुंग्या असतात. त्या कायमचे वारूळ करत नाहीत. एकमेकींना धरून, स्वतःच्या शरीरांचाच गोळा करून त्या रात्र काढतात. सकाळी त्या गोळ्यातून एक लोंढा निघतो आणि पुढे पसरत दहा-पंधरा मीटर रुंद आघाडी जंगलाच्या जमिनीवरून सरकू लागते. त्या आघाडीपुढे झुरळे, रातकिडे, कोळी, गोमा जीव घेऊन पळतात. पक्षी मुंग्या खात नाहीत, पळणाऱ्यांना टिपतात. फायर-आय जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर एखाद्या उभ्या, बोटभर जाडीच्या रोपट्याला आडवा चिकटून बसतो, शेपटी वर उचलून सावकाश खाली आणतो आणि क्षणात जमिनीवर उतरून पुन्हा दुसऱ्या रोपट्याला जाऊन लटकतो. अशी बारीक, उभी, दाट रोपटी हीच त्याची बैठक. जंगलाचे छत शाबूत आहे, पण खालचा झाडोरा गुरांनी तुडवला किंवा माणसाने साफ केला, तर लांबून हिरवे दिसणारे ते जंगल या पक्ष्याच्या उपयोगाचे उरत नाही.

एसिटॉन बर्चेलीची वसाहत सुमारे पंधरा दिवस रोज मुक्काम हलवते आणि त्यानंतर सुमारे वीस दिवस एका जागी थांबते. या चक्रामुळे केवळ मुंग्यांवर अवलंबून असलेल्या पक्ष्याला अनेक वसाहतींवर नजर ठेवावी लागते आणि त्यासाठी सलग मोठे जंगल लागते. पनामा कालव्यासाठी पाणी अडवल्यावर १९१४ च्या सुमारास एका टेकडीचे बारो कोलोराडो हे बेट झाले. तिथे पक्षीशास्त्रज्ञ एडविन विलिस यांनी मुंग्यांमागे फिरणाऱ्या पक्ष्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांतला मोठा 'ऑसेलेटेड अँटबर्ड' त्या बेटावरून कायमचा नाहीसा होताना नोंदवला. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून चाललेल्या प्रयोगातही तेच दिसले: जंगलाचा एक हेक्टर किंवा दहा हेक्टरचा तुकडा वेगळा पडला की मुंग्यांवरच जगणारे पक्षी तिथून लवकरच निघून गेले. फायर-आय त्या टोकाचे नाहीत. दोन्ही जाती दुय्यम जंगलात, जंगलाच्या कडेला, वेलींनी माजलेल्या जागी तग धरतात. म्हणूनच केवळ स्वभाव पाहून धोका ठरवायचा असता, तर दोन्हींना एकच वर्ग मिळाला असता.

आता जमिनीकडे येऊ. ल्यूकॉप्टेराचा पल्ला बाइया राज्याच्या दक्षिण भागापासून एस्पिरितो सान्तो, मिनास जेराइस, रिओ, साओ पावलो, पराना असा थेट रिओ ग्रांदे दो सूलपर्यंत आणि पुढे पूर्व पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतापर्यंत जातो. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीपर्यंत हा पक्षी आढळतो. अटलांटिक जंगलाची अवस्था या साऱ्या पट्ट्यात वाईटच आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मूळ जंगलापैकी ११ ते १६ टक्केच शिल्लक होते, उरलेल्या तुकड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पन्नास हेक्टरपेक्षा लहान होते आणि जवळपास निम्मे जंगल कोणत्या ना कोणत्या कडेपासून शंभर मीटरच्या आत होते. मात्र ल्यूकॉप्टेराच्या पल्ल्यात काही मोठे, सलग आधार अजून शाबूत आहेत. साओ पावलो राज्यातले सेरा दो मार उद्यान सुमारे ३.३ लाख हेक्टरांचे आहे. डोंगराचा उतार इतका उभा की तिथे ऊस किंवा कॉफी लावणे परवडले नाही, म्हणून ते वाचले. परानातले इग्वासू राष्ट्रीय उद्यान सुमारे १.८५ लाख हेक्टरांचे असून पलीकडच्या अर्जेंटिनातल्या जंगलाशी जोडलेले आहे. अशा ठिकाणी पक्ष्याची संख्या स्वतःच्या बळावर टिकते आणि भोवतालच्या लहान तुकड्यांत काही नष्ट झाले तरी जातीचा पाया हलत नाही.

आट्राच्या नशिबी असा एकही डोंगर नाही. ढोबळमानाने बाइयातल्या पारागुआसू नदीच्या उत्तरेपासून सर्जिपी राज्यापर्यंतचा, किनाऱ्यालगतचा सखल पट्टा एवढेच तिचे जग. नदीच्या दक्षिणेला ल्यूकॉप्टेराचे राज्य सुरू होते. आट्राच्या पट्ट्याचा दक्षिण भाग म्हणजे तोदोस ओस सान्तोस या उपसागराभोवतालचा प्रदेश, ज्याला रेकोंकावो म्हणतात. पोर्तुगिजांनी १५४९ मध्ये इथे साल्वादोर वसवले आणि १७६३ पर्यंत ते वसाहतीच्या राजधानीचे शहर होते. जमीन काळी, चिकण, उसाला उत्तम, आणि गाळप केलेली साखर बंदरापर्यंत नेणे सोपे. घाण्यांच्या भट्ट्यांना सरपणही याच जंगलातून आले. पुढे तंबाखू आला, गुरे आली. १९३९ मध्ये साल्वादोरच्या लोबातो भागात ब्राझीलचे पहिले खनिज तेल लागले आणि त्यामागोमाग उद्योग आले. सर्जिपीच्या बाजूला आणि बाइयाच्या उत्तर किनाऱ्यावर ऊस, नारळ, कुरणे, निलगिरीची लागवड आणि अलीकडे पर्यटनाच्या वसाहती. सपाट, सुपीक आणि बंदराजवळची जमीन जगात कुठेही जंगलासाठी शिल्लक राहत नाही, तशी ती इथेही राहिली नाही. आट्राच्या वाट्याला आले ते दऱ्या-ओहोळांच्या काठांवर आणि मळ्यांच्या कोपऱ्यांत उरलेले तुकडे.

याच पट्ट्यात, पारागुआसू आणि साओ फ्रान्सिस्को या नद्यांच्या दरम्यान, कॅलिसेबस कोइम्ब्राइ हे छोटे माकड राहते. त्याचे वर्णन १९९९ मध्ये झाले आणि तेही धोक्यात आहे. पक्षी आणि माकड या दोघांच्या गरजा सारख्या नाहीत, पण जिथे जंगल संपले तिथे दोघांचीही वाट लागली. रोग पक्ष्याचा नसून प्रदेशाचा आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

लाल यादीचे निकष पाहिले की वर्ग वेगळे कसे पडतात ते उलगडते. पल्ल्याच्या निकषाखाली 'संकटग्रस्त' ठरायला जातीचा एकूण विस्तार ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असावे लागते. एवढ्यावर भागत नाही. त्याशिवाय पल्ला फार तुकड्यातुकड्यांचा असणे किंवा ठिकाणे पाचापेक्षा जास्त नसणे, घट सुरू असणे आणि संख्येत टोकाचे चढउतार होणे, या तीनपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. संख्येच्या निकषाखाली प्रजननक्षम पक्षी २,५०० पेक्षा कमी आणि घट सुरू असली, तर आणखी काही उपअटींसह तोच वर्ग मिळतो. आट्रासारख्या लहान पल्ल्याच्या, विखुरलेल्या जातीसाठीच जणू या निकषांची चौकट आखलेली आहे. ल्यूकॉप्टेराचीही संख्या घटते आहे असे मूल्यमापनात म्हटले आहे, पण लाखो चौरस किलोमीटरच्या पल्ल्यात ती घट दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत तीस टक्क्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय निकष तिला पकडत नाहीत. म्हणजे लाल यादी पक्षी किती दुर्मीळ आहे हे सांगत नाही; तो नजीकच्या काळात नष्ट होण्याची शक्यता किती, हे सांगते. योग्य झाडोरा असलेल्या तुकड्यात आट्रा सहज भेटू शकते. तिथे उभे राहून 'हा तर भरपूर आहे' असे वाटले, तरी तिचा वर्ग चुकीचा ठरत नाही.

आट्रा पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' वर्गात होती आणि नंतर 'संकटग्रस्त' वर्गात आणली गेली. हे वाचून अनेकांना वाटते की परिस्थिती सुधारली. तसे झालेले नाही. बराच काळ तिच्या नोंदी सान्तो अमारो गावाच्या परिसरापुरत्याच होत्या. पुढे शोध घेणारे वाढले तशी ती इतर ठिकाणी, सर्जिपीच्या दक्षिणेला क्रास्तोच्या जंगलातही सापडली. पक्षी वाढले नाहीत, आपली माहिती वाढली. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर रानपिंगळ्याचे देता येईल. १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा सापडला, पुढे सातपुड्यात, मेळघाटात आणि इतरत्रही आढळला आणि २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आला. त्याचा जवळचा नातलग, गावागावांत चिरचिरणारा पिंगळा, मात्र 'सर्वांत कमी चिंतेचा' आहे. रानपिंगळा खाली सरकला म्हणून सातपुड्यातली सागवानाची जंगले सुरक्षित झाली, असा अर्थ कोणी काढत नाही. आट्राच्या बाबतीतही तो काढू नये.

संख्येचा अंदाज करताना एक गोष्ट सर्वेक्षण करणाऱ्यांनाही चकवते. फायर-आयचे गाणे मोठे आणि खणखणीत असते. एकाच स्वराच्या शिट्ट्या ओळीने, शेवटी किंचित उतरत्या. दाट झुडपात दिसणे कठीण असल्यामुळे मोजणी बहुधा आवाजावरच होते. तुकड्यात जोडी नसलेला एकटा नरही तितक्याच जोमाने गातो. साओ पावलो राज्यातल्या तुकड्यातुकड्यांच्या जंगलात ल्यूकॉप्टेराच्या अंगावर माग काढणारे छोटे रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जन्मस्थान सोडून दूर जाण्याचे प्रमाण माद्यांमध्ये अधिक असते. त्या जंगलात तुकडे एकमेकांच्या आसपास होते, त्यामुळे निघालेली मादी कुठेतरी पोहोचण्याची शक्यता चांगली होती. रेकोंकावोत, मैलोन्‌मैल उसाच्या आणि कुरणांच्या मध्ये एकटा पडलेला तुकडा असेल, तर तिथून निघालेली मादी कुठे जाणार आणि तिथे नवी मादी कुठून येणार? ल्यूकॉप्टेरावरचा निष्कर्ष आट्राला जसाच्या तसा लावता येत नाही हे मान्य, पण इतक्या जवळच्या जातीत प्रवृत्ती साधारण तशीच असावी असे माझे मत आहे. म्हणून आट्राच्या पाहणीत गाणारे नर किती, यापेक्षा मादी दिसली का आणि पिल्लांना चारा नेताना जोडी दिसली का, या नोंदी मला अधिक मोलाच्या वाटतात. ल्यूकॉप्टेराचे घरटे जमिनीवर किंवा जमिनीलगत, वाळक्या पानांचे, वरून झाकलेले आणि बाजूला दार असलेले असते. त्यात बहुधा दोनच अंडी असतात. इतक्या कमी अंड्यांवर चालणाऱ्या संसाराला एका हंगामात झालेले नुकसान भरून काढायला वेळ लागतो, आणि कडेने शिरणारी माकडे, साप, कुत्री यांच्या वाटेत जमिनीलगतचे घरटे आधी येते.

वर्गीकरणाचा प्रश्न इथे गौण नाही. फायर-आयच्या वंशातल्या जातींचे आवाज एकमेकांना इतके मिळतेजुळते आहेत की काही जुन्या लेखकांनी आट्राला ल्यूकॉप्टेरासोबत एकाच जातीत धरले होते. तसे धरले की संकट कागदावरून नाहीसे होते, कारण मोठ्या पल्ल्याच्या जातीचा तो एक उत्तरेकडचा गट ठरतो आणि त्याच्यासाठी वेगळा वर्ग उरत नाही. उलट दिशेचे उदाहरणही याच वंशात आहे. आट्राच्या उत्तरेला, पेर्नाम्बुको आणि आलागोआस राज्यांत, आणखी एक फायर-आय राहतो. त्याला कोणी स्वतंत्र जाती मानतात, कोणी ॲमेझॉनमधल्या जातीची उपजाती. उपजाती मानल्यास जागतिक यादीत तो ॲमेझॉनच्या आकड्यात बुडून जातो. ब्राझीलच्या राष्ट्रीय यादीत मात्र उपजातींचेही मूल्यमापन होत असल्यामुळे तो दिसतो. माझे मत असे की आट्राच्या पाठीवरची पिसे, पंखांवर पांढऱ्याचा अभाव आणि वेगळा पल्ला हे सारे एकत्र पाहता तिला स्वतंत्र जाती मानणेच योग्य आहे आणि आजचे बहुतेक तज्ज्ञही तसेच मानतात. पण संरक्षणाचा सारा डोलारा या एका निर्णयावर उभा करू नये. वर्गीकरण बदलले तरी रेकोंकावोतला तुकडा तोडायला कोणाला मोकळीक मिळता कामा नये.

हीच जोडी अपवाद नाही. आलागोआसमधल्या मुरिसीच्या जंगलातला मर्मोथेरुला स्नोवी हा छोटा अँटबर्ड 'अतिसंकटग्रस्त' आहे, तर दक्षिणेकडचा त्याचा जवळचा नातलग युनिकलर अँटरेन त्या मानाने बऱ्याच बऱ्या अवस्थेत आहे. ईशान्य ब्राझीलच्या किनारपट्टीत असे घडत राहते, कारण ऊस तिथेच आधी आला आणि जंगल तिथेच आधी संपले.

'सर्वांत कमी चिंतेची' या शब्दांवरही फार विसंबू नये. तो वर्ग पूर्ण जातीचा असतो, एखाद्या जिल्ह्याचा नव्हे. दक्षिण बाइयात इल्येउस आणि उना या भागांत कोको पारंपरिक पद्धतीने, मूळ जंगलाच्या मोठ्या झाडांच्या सावलीत लावतात; त्याला काब्रुका म्हणतात. झाडे राहतात म्हणून काब्रुकाचे कौतुक होते, ते काही अंशी योग्यही आहे, आणि उंच फांद्यांवरचे बरेच पक्षी तिथे राहतात. परंतु कोकोच्या रांगांसाठी खालचा झाडोरा नियमित साफ केला जातो आणि जमिनीलगतच्या अँटबर्डना नेमका तोच लागतो. दक्षिणेतली मोठी उद्याने ल्यूकॉप्टेराला जाती म्हणून तारतील, पण उत्तर टोकाची तिची वस्ती विरळ होत गेली तर लाल यादीत त्याची खूण उमटायला फार उशीर लागेल.

मग आट्रासाठी काय करावे? माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा कायद्याचा आहे. ब्राझीलच्या २००६ च्या अटलांटिक जंगल कायद्यात जंगलाचे प्राथमिक आणि दुय्यम असे भाग केले आहेत आणि दुय्यम जंगलाच्या प्रारंभिक, मध्यम आणि प्रगत अशा अवस्था मानल्या आहेत. प्रगत आणि मध्यम अवस्थेला कडक संरक्षण आहे. प्रारंभिक अवस्थेतली वाढ, म्हणजे कापोएरा म्हणतात तसले माजलेले झुडपी रान, राज्याच्या परवानगीने तुलनेने सहज काढता येते. जुन्या, मोठ्या झाडांच्या जंगलासाठी ही मांडणी चांगली आहे. पण आट्राला दाट, गुंतागुंतीचा, तरुण झाडोराही चालतो आणि दोन जुन्या तुकड्यांमधला तसा पट्टा तिच्या ये-जा करण्याचा मार्ग असू शकतो. कायद्याच्या नजरेत ज्याची किंमत सर्वांत कमी, ते रान या पक्ष्याला उपयोगाचे. म्हणून तिच्या पल्ल्यात प्रारंभिक अवस्थेतले रान तोडायची परवानगी देताना ते दोन तुकडे जोडते का, हे आधी तपासले जावे. निलगिरी किंवा नवी वसाहत येऊ घातलेल्या जागी तर हे अधिकच लागू आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. उरलेले तुकडे बहुतांशी खासगी जमिनीवर आहेत. २०१२ च्या वन कायद्यानुसार या भागातल्या मालकाने जमिनीच्या २० टक्के क्षेत्रावर नैसर्गिक वनस्पती राखायची असते आणि ओहोळांचे काठ वेगळे. परंतु लहान जमिनींना सवलत आहे, त्यांनी २२ जुलै २००८ रोजी जेवढे होते तेवढे राखले तरी चालते. रेकोंकावोत लहान जमिनी पुष्कळ, तेव्हा फक्त कायद्याच्या जोरावर तुटलेले तुकडे पुन्हा जोडले जातील ही आशा फोल आहे. मालकाने स्वेच्छेने जाहीर केलेली खासगी राखीव क्षेत्रे, ज्यांची नोंद कायमस्वरूपी असते आणि जमीन विकली तरी बंधन सुटत नाही, ती इथे अधिक उपयोगी पडतात. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे कुंपण. गुरे आत शिरायची थांबली की खालचा झाडोरा काही वर्षांत आपोआप भरतो आणि बी पेरायचीही गरज बहुधा पडत नाही. झाडे लावण्याच्या कार्यक्रमांचे फोटो चांगले येतात. तारेच्या कुंपणाचे येत नाहीत, पण आट्राच्या बाबतीत पहिला रुपया मी कुंपणावर खर्च करीन.

दोन सारख्या पक्ष्यांवर दुप्पट खर्च का, असाही एक उपप्रश्न यातून निघतो. ल्यूकॉप्टेरासाठी तिच्या नावाने वेगळा खर्च करण्याची आज गरज नाही. सेरा दो मार आणि इग्वासू यांची देखभाल नीट झाली की तिचे काम होते. तिचा खरा उपयोग ज्ञानासाठी आहे. ती भरपूर आहे, पकडून रेडिओ लावता येते, मोठ्या सलग जंगलात आणि लहान तुकड्यांत तिची तुलना करता येते. या कामातला धोका संकटग्रस्त जातीवर न टाकता तिच्यावर टाकता येतो. आट्रावर खर्च करायचा तो जमिनीवर, आणि तोच पैसा कॅलिसेबस कोइम्ब्राइ माकडाच्याही कामी येतो.

साल्वादोर किंवा सर्जिपीची राजधानी आराकाजू यांच्या बाजूला पक्षीनिरीक्षणासाठी जाणाऱ्या मराठी निरीक्षकांना एक विनंती आहे. आट्रा पाहण्यासाठी ध्वनिमुद्रित गाणे पुनःपुन्हा वाजवू नका. लहान तुकड्यात एकच जोडी असेल तर तिचा सकाळचा चारा शोधण्याचा वेळ तुमच्या यंत्राला उत्तर देण्यात जातो. एकदा वाजवून थांबा, आणि पक्षी दिसला तर नर की मादी, एकटा की जोडी, तुकड्याला कुंपण आहे का, आत गुरांचे शेण दिसले का, एवढे नोंदवून विकिआव्हेससारख्या सार्वजनिक संग्रहात ठिकाणासह द्या. पुढच्या मूल्यमापनात आट्राचा वर्ग ठरवताना या नोंदींचाच आधार घेतला जाईल.